ताईचं इंग्लंड

मंदारला हे माहीत नाही. त्याला माझं बाकी बहुतेक सगळं माहीत आहे. मी घोरते, मला पाण्याची भीती वाटते, कॉलेजात मला कोण आवडायचं, सगळं. पण हे नाही. ताईला तर नाहीच नाही. सांगायचं असं ठरवून बसले की आधी चहा करावासा वाटतो, मग कपडे वाळत घालावेसे वाटतात, मग कुणाचा तरी फोन येतो आणि दिवस संपतो. आज कपडे वाळत घालून झालेत. इथे सिंगापुरात, खाली आमच्या बेडोकचा बाजार उठायला लागलाय, घरात कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही — ते एका परीने बरंच आहे.

कुठून सुरुवात करू? ताईपासूनच करते.

आम्ही दोघी बहिणी, बांद्याच्या. गोव्याच्या सीमेवरचं गाव. लहानपणी एकदा मी तेरेखोल नदीच्या पात्रात घसरले. ताईने मला केसांना धरून बाहेर ओढलं, आणि घरी जाऊन आईला सांगितलं की ती स्वतःच घसरली होती, बाय नुसती तिला बघायला आली होती. मार तिने खाल्ला. मी दारामागे उभी होते, ओल्या फ्रॉकमध्ये. आईने माझा फ्रॉक बघितला असणार, नाही का? पण ती काही बोलली नाही. मला घरात सगळे बाय म्हणतात. अजूनही.

पुढे ताईचं लग्न डिचोलीला झालं. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले, मग नोकरी, मग मंदार, मग सिंगापूर. ताई दरवेळी कुणाबरोबर तरी कुळथाची पिठी आणि आमसुलं पाठवायची. इथे सगळं मिळतं गं, असं मी म्हणायचे. तरी पाठवायची.

भावोजी — ताईचे यजमान — खाणीवर ट्रक चालवायचे. स्वतःचा ट्रक. खाणी बंद झाल्या तसा तो घरामागे उभा राहिला तो राहिलाच. एका सुट्टीत मी गेले तेव्हा त्याच्या केबिनवर पडवळाचा वेल चढलेला होता आणि ताई खिडकीतून हात घालून पडवळं काढत होती. हसत होती. “ट्रकाने काहीतरी द्यायलाच हवं ना गो,” म्हणाली.

भावोजींचे वडील पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. त्यामुळे भावोजींना, आणि पुढे त्यांच्या मुलीला, मैथिलीला, पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येत होतं. गावातल्या बऱ्याच जणांनी घेतलं होतं. पोर्तुगाल कुणालाच बघायचं नव्हतं — त्या पासपोर्टवर इंग्लंडला जाता यायचं, राहता यायचं, काम करता यायचं. भावोजींचा जिवलग मित्र आग्नेल तसाच गेला होता. एका पावाच्या कारखान्यात लागला होता, बायकोही तिथेच. तो सारखा सांगायचा, तुम्ही दोघंही या, दोघांनाही काम आहे, पोरीला शाळा आहे. भावोजींनी शेवटी पासपोर्ट घेतला. त्यासाठी भारताचा परत करावा लागतो. ज्या दिवशी तो परत केला त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं ताईने मला सांगितलं होतं. नुसते पायरीवर बसून होते.

आणि मधल्या काळात इंग्लंडने मत देऊन ठरवलं होतं, की युरोपातून बाहेर पडायचं.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत आहे. त्या मतदानानंतर आमच्या बँकेला लंडनमधली युरोपियन गिऱ्हाइकांची खाती उचलून युरोपातल्या नव्या ऑफिसात न्यावी लागणार होती. ते काम आमच्या टीमकडे आलं. कित्येक वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. घरी मंदार चिडवायचा की हिला झोपेतही इंग्लंड सोडून जाताना दिसतं. गावी तर मी मोठी तज्ज्ञच झाले होते. ताई शेजारणींना सांगायची, “आमची बाय ब्रेक्झिटचंच काम करते.” जसं काही मीच ते घडवून आणत होते.

म्हणजे — मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी त्यातून सुटायला बघेन. मला सगळं नीट माहीत होतं. दार बंद होणार होतं, पण लगेच नाही. बंद व्हायच्या आत जे तिथे जाऊन राहतील त्यांना पुढेही राहू देणार होते. त्यांच्या बायकामुलांनाही. लंडनच्या टीममध्ये एक इटालियन बाई होती, माझ्याच वयाची. रोजच्या कॉलवर काम सुरू व्हायच्या आधी ती हेच बोलायची. तिने तिच्या भावाला घाईघाईने बोलावून घेतलं होतं. “दार उघडं आहे तोवर आपल्या माणसाला आत ओढायचं,” असं काहीतरी ती म्हणाली होती, आणि आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

आता आई.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि ताई तिला बांद्याहून डिचोलीला घेऊन गेली. डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. मी रजा काढून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंथरूण खराब केलं. ताई म्हणाली, “बाय, जरा इकडून धर.” तिने आईला कुशीवर वळवलं, पाठीला हात लावून धरलं, आणि माझी वाट बघत राहिली. मी पर्समधून फोन काढला, “ऑफिसचा आहे” म्हणाले, आणि अंगणात गेले. तिथे फोन कानाला लावून उभी राहिले. फोन आलाच नव्हता. मी इंग्रजीत काहीबाही बोलत होते, आणि आतून ताईचा आवाज येत होता — “झालं हं आई, झालं, आता कोरडी चादर, बघ कशी ऊन ऊन आहे.” लहान बाळाशी बोलावं तसा.

मी तिथे का उभी राहिले? किळस म्हणावी तर तेवढीच नव्हती. माझ्या आईचं उघडं अंग मला बघवत नव्हतं, एवढं खरं. आणि मनात एक विचार आला होता. तो आला, आणि मी त्याला बसायला जागा दिली. हे मला कधीच करावं लागू नये, असा तो विचार.

सिंगापूरला परत आले आणि थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला, की आग्नेलने त्यांच्यासाठी खोली बघितली आहे. जायचं ठरतंय. फक्त आईचं काय करायचं?

मंदार शेजारीच बसला होता. मला न विचारता म्हणाला, “ताई, आईंना आमच्याकडे पाठवा. त्यात काय विचार करायचा?” आणि आमचा अर्णव, तेव्हा प्रायमरीत होता, टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “आज्जी कॅन टेक माय रूम लाह.” आईसाठी लागणाऱ्या पासची चौकशी मी केली. मिळाला असता. दिवसा मदतीला बाई मिळाली असती. बघा ना — एकही अडचण नव्हती. मी फार शोधली. अडचण मी होते, आणि ते घरात कुणालाच दिसत नव्हतं.

मग एका दुपारी मी ऑफिसात असताना आईचा फोन आला. ताई बाजारात गेली होती. मैथिलीने फोन लावून तिच्या हातात दिला होता. आई आमच्याशी मालवणीतच बोलायची. झटक्यानंतर तिचा एकेक शब्द सुटा सुटा यायचा, वाट बघावी लागायची. ती म्हणाली, “सुलूक जावंदे गो.” सुलू म्हणजे ताई. मग बराच वेळ नुसता श्वास. “माजा काय. माका खंयय ठेव. तू तिका सांग — जा म्हणान. तुझा ती ऐकता.”

माझं ऐकते. खरंच होतं ते.

मी म्हणाले, “हो आई, सांगते.”

आणि मग तो रविवार. आम्ही नुकतेच बाजारातून आलो होतो, मासे अजून सिंकमध्ये होते. व्हिडिओ कॉलवर ताई, भावोजी दोघेही. मागे कॉटवर आई, तिचे पाय दिसत होते. भावोजी घसा साफ करून म्हणाले, “बाय, तिकिटं काढायची म्हणतो. आग्नेल म्हणतो आत्ताच या, उशीर करू नका. एकदा आलात की कोणी काढत नाही. पण म्हटलं तुला विचारावं. तू त्यातलीच आहेस.”

मी हे कसं केलं ते मला अजून कळत नाही. आवाज जराही हलला नाही. मी मीटिंगमध्ये बोलते तशी बोलले.

“भावोजी, आग्नेलला त्यातलं काय कळतंय? आम्ही रोज हेच बघतोय. आत्ता जे जातील त्यांचे फार हाल होणार आहेत. परत पाठवतील. सगळे नियम नीट ठरू देत, मग जा. मुदत वाढतेच आहे सारखी. पुढेही जाता येईल. घाई करू नका.”

ताईने विचारलं, “नक्की ना गो?”

मी म्हणाले, “नक्की.”

भावोजींनी मान हलवली. “तू म्हणतेस तर थांबतो.”

एवढंच. एवढंच घडलं. मी फोन ठेवला आणि मासे साफ करायला घेतले. मंदारने विचारलं, काय ठरलं? मी म्हणाले, ते लोकच थांबायचं म्हणताहेत, भावोजींचं मन होत नाहीये. म्हणजे त्यालाही खोटंच. एक बोललं की दुसरं बोलावंच लागतं.

कॉटवरचे ते पाय — आई जागी होती का? ऐकलं का तिने? मी स्वतःला खूप वर्षं सांगत राहिले की ती झोपली होती.

नंतर महामारी आली. विमानं बंद, सगळं बंद. मी मनाशी म्हणायचे, तसेही ते अडकलेच असते, तिथे आजारी पडले असते, कोण बघणार होतं त्यांना? बघा, किती लवकर मी त्यांची काळजी करायला लागले. पण आग्नेल कुटुंबासकट ठीक राहिला. आणि त्या सगळ्या गोंधळात एक दिवस दार बंद झालं. ऑफिसात आमचं काम वेळेत पुरं झालं म्हणून केक कापला. ज्याने त्याने आपापल्या घरी, स्क्रीनवर.

ताईचा फोन आला. आता जाता येत नाही म्हणे, असं म्हणाली. आग्नेलने सांगितलं. मी रडायला लागले. खरं रडू होतं ते. आणि ताई — ताई मला समजावत बसली. “रडतेस काय वेड्यासारखी? तुला तरी कुठे माहीत होतं? सरकारं आपली बदलतात. आपल्या नशिबात नव्हतं इंग्लंड. गप हो बघू. जेवलीस का?”

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या क्षणी. मी म्हणाले, “नाही, जेवायचंय अजून.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते ताईने भोगलं, मी नुसतं ऐकलं. भावोजींच्या हातात तो पासपोर्ट होता आणि गावात काम नव्हतं. विमानं सुरू झाल्यावर ते पोर्तुगालला गेले. एकटे. तिथे प्लास्टिकच्या मोठ्या मोठ्या मांडवांखाली रासबेरीची शेती असते, त्यात फळं तोडायची. एका घरात खूप जण, ताईला नेण्यासारखं काही नाही. भाषा येत नाही. जवळचा असा माणूस नाही. ज्या माणसाने आयुष्यभर स्टिअरिंगसमोर बसून काम केलं त्याला दिवसभर वाकून राहायचं. ताई सांगायची, फोनवर ते फार बोलत नाहीत गो, पलीकडे नुसते बसतात. मी स्वयंपाक करते, ते बघतात. मैथिली वयात आली, मोठी झाली, ते सगळं त्यांनी फोनमध्ये बघितलं. एकदा सुट्टीवर आले तर ती त्यांच्यासमोर ओढणी सारखी करून बसली, पाहुण्यासमोर बसावं तशी. भावोजी उठून ट्रकाकडे गेले म्हणे. बराच वेळ आले नाहीत.

आणि आई ताईकडेच राहिली. ताईनेच केलं सगळं. मी पैसे पाठवायचे आणि डायपर चांगल्या कंपनीचे घे म्हणायचे.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचले नाही. पोहोचले तेव्हा ताईने मला जवळ घेतलं. तिच्या हातांना डेटॉलचा वास होता. म्हणाली, “त्रास नाही झाला तिला. तुझं नाव घेतलं होतं.” मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय.

गेल्या वर्षी मी ताईला इथे आणलं. हट्टाने. ती पहिल्यांदाच विमानात बसली. आमच्या लिफ्टमधल्या म्हाताऱ्या चिनी आजींशी ती मराठीत बोलायची आणि त्या त्यांच्या भाषेत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं छान चाललेलं असायचं. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांवर, तिने माझ्यासाठी ताटातले सगळे मासे निवडून काटे काढून दिले, मी पन्नाशीला आले तरी.

एका शनिवारी आम्ही दोघीच पुलाउ उबीनला गेलो. बोटीत मी तिचा हात धरून बसले होते. तिने तो माझ्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला. बेटावर उतरल्यावर सायकली घ्यायच्या सोडून आम्ही चालत निघालो. पत्र्याची छपरं, अंगणात कोंबड्या, फणसाचं झाड. ताई एकदम खुलली. “अगो, हे तर आपल्याकडचंच!” एका बंद घराच्या पुढ्यात बाक होता, तिथे बसलो. तिने पिशवीतून घावणे काढले. सकाळी उठून केले होते.

मी ठरवून आले होते. आज सांगायचं. मी म्हणाले, “ताई, एक बोलायचं होतं.”

ती म्हणाली, “मलाही गो. किती दिवस विचारायचं राहतंय.” आणि मग घावण्याचा तुकडा हातात तसाच धरून तिने सांगितलं, की जायच्या आदल्या दिवशी आई बऱ्यापैकी शुद्धीवर होती. ताईने तिचे केस विंचरले. तेव्हा आई म्हणाली, बायक काय बोलू नको. दोनदा म्हणाली. घाबरलेली आहे ती, म्हणाली, पहिल्यापासून. तिला काही बोलू नको.

“कशाबद्दल म्हणाली असेल गो?” ताईने मला विचारलं. “मी कशाला तुला बोलेन? मी तर कधी तुला काही बोलले नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. सरळ. तिच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, दुसरं काही नव्हतं. मी फार नीट बघितलं — संशय असता तर मला सोपं गेलं असतं. एक कोंबडी आमच्या पायाशी येऊन तुकडे टिपत होती.

आई झोपलेली नव्हती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढची सगळी वर्षं, ताई तिचं अंग पुसत असताना, भावोजी परदेशात वाकून फळं तोडत असताना, ती ते पोटात घेऊन पडून होती. माझ्याशी फोनवर बोलताना तर ती म्हणायची, अर्णव बरा आसा मा? कधीच दुसरं काही नाही.

मी ताईला म्हणाले, “काय माहीत. भ्रमात असेल.”

ताई म्हणाली, “असेल.” मग म्हणाली, “तू काय बोलणार होतीस?”

मी म्हणाले, “काही नाही. मैथिलीला पुढच्या सुट्टीत इकडे पाठव, एवढंच.”

त्या रविवारचं खोटं मी आईच्या शरीराला घाबरून बोलले, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे? आई गेली होती. मला कुणाचंही काही करायचं उरलं नव्हतं. समोर फक्त माझी बहीण होती. तिने मला विचारलं होतं, आणि उत्तर मला माहीत होतं.

भावोजी अजून तिकडेच आहेत. गुडघे गेलेत, आता पॅकिंगमध्ये बसून काम मिळालंय. ताई पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणार आहे. दोन खोल्यांचं घर मिळालंय. फोनवर मला पोर्तुगीज शब्द म्हणून दाखवते, आणि चुकले की स्वतःच हसते. मैथिलीची बारावी झाली. तिच्याकडेही वडिलांमुळे तोच पासपोर्ट आहे, युरोपात कुठेही शिकता येईल. मागच्या रविवारी ताईने फोन केला. पोर्तुगाल बरं की जर्मनी, कधी पाठवावं, आत्ता की वर्षभर थांबून?

मी मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. काहीही मागे ठेवलं नाही. मग म्हणाले, “पण ताई, माझ्या एकटीच्या शब्दावर जाऊ नकोस. अजून दोघा-चौघांना विचार. आग्नेलला विचार.”

ती हसली. “आग्नेलला काय कळतंय? तूच म्हणालेली. तू आहेस ना, मग आणि कुणाला कशाला विचारू?”

तिकडे मैथिलीने काहीतरी विचारलं असावं, कारण ताई फोन बाजूला धरून तिला सांगत होती, “मावशी सांगेल तसं करायचं.”